वॉशिंग मशीनमधला मासा

बुसान, २ मार्च

आई,

तुम्ही फोन उचलता, माझा आवाज ऐकता आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून देता. परवा तर मी बोललेही नव्हते, नुसता श्वास घेतला होता. क्यूहोला याचं हसू येतं. तुमचाच मुलगा, त्याला काय बोलणार. म्हणून पत्र लिहितेय. ते परत पाठवलंत तर तुमचा पोस्टमन गावभर करेल, तेव्हा निदान फोडून तरी बघाल.

आधी मुद्द्याचं सांगते. शनिवारपासून इदामला सांभाळायला एक बाई आपल्या घरी राहायला आल्या आहेत. नाव चुनशिल, गाव यान्जी. म्हणजे राहणाऱ्या चीनच्या हद्दीत, पण आजे-पणजे आपल्याच मुलखातून तिकडे गेलेले. भाषा आपलीच, फक्त प्रत्येक वाक्य शेवटी चढाला लागतं. उद्या माझी रजा संपते आणि मी बाजारात रुजू होते. आमच्या माएंगसाहेबांनी मासळीचा लिलाव पुकारायला माझ्या जागी बदली माणूस ठेवलाय, मी आले नाही तर तोच कायम होणार. मला पहाटेच घर सोडावं लागतं. पाळणाघरं उन्हं वर आल्यावर उघडतात आणि क्यूहोची गोदीत क्रेनवर रात्रपाळी असते. तेव्हा घरातच राहणारं माणूस हवं होतं.

तुम्ही मनात म्हणत असाल, मी होते की. होतात. तेही लिहायलाच हवं, नाहीतर हे पत्र म्हणजे मिठाशिवायची सुकट.

इदामच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला तुम्ही सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलंत की मुलगी शाळेत जाईपर्यंत नाम्हेला तुमच्याकडे राहील, आईबाप रविवारी येऊन बघून जातील. मला आधी विचारलं नव्हतंत. क्यूहोला विचारलं असेल तर ते तो अजून कबूल करत नाही. मी म्हटलं, इदाम कुठेही जाणार नाही, मी पगारी बाई ठेवीन. माझा आवाज पडला लिलावाचा, तो हॉलमधल्या शेवटच्या टेबलापर्यंत गेला. तुम्ही हातातली वडी ताटात ठेवलीत, उठलात आणि बस धरलीत.

मी बोलले ते मला अजूनही बरोबर वाटतं. फक्त जरा हळू बोलता आलं असतं.

आणि स्वप्न तुम्हालाच पडलं होतं, हे मी विसरलेले नाही. मला दिवस गेल्याचं मलाच माहीत नव्हतं तेव्हा तुमचा फोन आला होता, की एक भलामोठा भोपळा गडगडत येऊन तुमच्या मांडीत बसला, तेव्हा आजच्या आज तपासून घे. घेतलं. भोपळा खरा निघाला. पण ज्याला स्वप्न पडलं त्याचं मूल, असं काही आपल्यात नाही.

तुम्ही पाठवलेली सुक्या मांदेलीची पेटी पोचली. पेटीवर नाव इदामचं होतं. तिला अजून दात आलेले नाहीत, म्हणून मी खाल्ली.

यूरिम


बुसान, २७ मार्च

आई,

उत्तर नाही, पण पत्रही परत आलं नाही. म्हणजे वाचताय.

चुनशिल मावशींना कसं निवडलं ते सांगते. एजन्सीने तिघींना पाठवलं होतं. पहिलीने विचारलं, भांडी घासायचं मशीन आहे का. दुसरीने इदामला घेतलं आणि इदामने जो टाहो फोडला तो बाई लिफ्टमधून खाली जाईपर्यंत चालू होता. तिसऱ्या या. यांनी बाळाकडे बघितलंही नाही. सरळ फ्रिज उघडला, वाकून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "या घरात कुणी जेवत नाही का?" मग किमचीचा डबा हुंगला. "ही कुणी केली?" मी म्हटलं, सासूबाईंनी. "हिला कळतं," एवढंच म्हणाल्या. तुमच्या किमचीला त्यांनी पास केलं म्हणून मी त्यांना पास केलं असं समजा.

त्या इदामला कापडाने पाठीशी बांधतात आणि तिच्यासकट सगळी कामं करतात. इदाम त्यांच्या खांद्यावरून मला कपडे वाळत घालताना बघते तेव्हा तीच मालकीण असल्यासारखी दिसते. क्यूहो नाराज आहे. त्याला घरात चड्डीवर फिरता येत नाही, आणि मावशी भाताच्या कुकरशी मोठमोठ्याने बोलतात त्यामुळे त्याची दिवसाची झोप मोडते. मी म्हटलं, तुझी झोप गोदीवर मोड, इथे माझी नोकरी राहतेय.

आता खरी गोष्ट. पहिल्या दिवशी बांगड्यांच्या पेट्यांसमोर उभी राहिले, घंटा वाजवली, तोंड उघडलं आणि लिलावाच्या पुकाऱ्याऐवजी अंगाईचा सूर निघाला. खरंच. इतके महिने दुसरं काही गायलंच नव्हतं. समोर टोप्या घातलेले सगळे व्यापारी, कोटाच्या आड बोटं मोजून बोली देणारे, एकदम थांबले. एकजण म्हणाला, "बाई, मासे आधीच गेलेत, त्यांना आणि कशाला निजवताय?" सगळा बाजार हसला. माझे कान तापले. माएंगसाहेब लांबून बघत होते आणि तो बदली माणूस त्यांच्या शेजारीच उभा होता.

तिसऱ्या ढिगाला माझा आवाज परत आला. कसा आला कोण जाणे, पण आला, आणि मग मी थांबलेच नाही. लिलाव संपल्यावर बर्फाच्या खोलीमागे जाऊन मी थोडी रडले. दुःखाने नाही. मला वाटलं होतं, लिलाव पुकारणारी ती बाई संपली. संपली नव्हती.

घरी आले तेव्हा इदाम झोपली होती. मी निघताना ती रडली नव्हती, हे मावशींनी मला दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी चाललं असतं.

यूरिम


बुसान, १९ एप्रिल

आई,

घरात एक प्रकार झालाय आणि तो तुमच्या खात्यातला आहे.

सोमवारी मावशी गप्प. मंगळवारीही गप्प. जी बाई कुकरशीसुद्धा बोलते ती गप्प बसली म्हणजे मला वाटलं, दुसरीकडचं बोलावणं आलं. बुधवारी मी बाजारातून येऊन जेवायला बसले, तशा त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "इदामची आई, तुमची पाळी वेळेवर आहे ना?"

माझा चमचा सुपात पडला.

त्यांना स्वप्न पडलं होतं. इदामचे कपडे काढायला म्हणून आपलं वॉशिंग मशीन उघडलं, तर आतून हाताएवढा लांब सोनेरी मासा उसळला आणि त्यांच्या ॲप्रनमध्ये पडला. जड होता, ऊन होता, तडफडत नव्हता. नुसता त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी ॲप्रन गुंडाळून पोटाशी धरलं आणि जाग आली. असलं स्वप्न बाळाचंच, दुसऱ्या कशाचं नसतं, असं त्यांनी मला बजावून सांगितलं.

क्यूहो म्हणाला, ज्या घरातली बाई मासे विकते तिथे माशाचं नाही तर काय हत्तीचं स्वप्न पडणार? मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने स्वतःचं ताट उचलून धुतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

आई, मी दिवस मोजायला लागले. रुजू होऊन महिना-दीड महिना, सध्या बांगड्याच्या बोटी बंद म्हणून मला वाकट्यांच्या लिलावावर टाकलंय, तिथे कुठे पाय रोवतेय, आणि आता माएंगसाहेबांपुढे जाऊन पुन्हा रजा मागायची? तो बदली माणूस अजून बाजारातच घुटमळतोय. मी औषधाच्या दुकानातून तपासायची पट्टी आणली. नाही. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दुकानातून आणली. तीही नाही. बाथरूममध्ये स्टुलावर बसून मी मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी बाजारातून ताज्या माकुलाची प्लेट घेऊन आले आणि एकटीने संपवली.

पण मग स्वप्न कुणाचं? मावशी म्हणतात, असलं स्वप्न वाया जात नाही, कुणाचं तरी असतंच. त्यांना एकच मुलगी आहे, ह्यांगरान, यान्जीला असते. लग्नाला खूप वर्षं झाली, मूल नाही. मी सहज तिचं नाव काढलं, तर मावशी उठल्या आणि धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायला लागल्या.

तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या गोष्टीला घाबरत होते. ह्यांगरानला दिवस गेले तर मावशी जाणार. एकुलत्या एका मुलीचं पहिलं बाळंतपण सोडून कुठली आई परक्याचं मूल पाठीवर घेऊन बसेल? आणि मावशी गेल्या की माझी घंटा दुसऱ्याच्या हातात.

एका छपराखाली पडलेलं स्वप्न दुसऱ्या छपराखालच्या माणसाचं असू शकतं का, असं तुम्हाला विचारणार होते. मग आठवलं की तुम्ही नाम्हेला झोपला होतात आणि भोपळा माझ्या पोटात होता.

यूरिम


बुसान, ४ मे

आई,

मी तोड काढली. मावशींकडून मी ते स्वप्न विकत घेतलं.

हसू नका. तुमच्याच गावात तुमच्या मोठ्या जावेने शेजारणीकडून डुकराचं स्वप्न घेतलं आणि वर्षाच्या आत नवी होडी आली, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. एकदा स्वप्न विकलं की ते घेणाऱ्याचं, विकणाऱ्याचा त्याच्याशी संबंध संपला. मग जे दुसऱ्याकडे जायला नको ते आपणच घ्यावं, हे बाजारात उभ्या राहणाऱ्या बाईला कुणी शिकवायला लागत नाही.

मी मावशींना म्हटलं, मला दुसरं मूल हवंय, ते स्वप्न मला द्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पट्ट्या बघून मी कशी हसले ते त्यांनी बाहेरून ऐकलं असणार. पण नाही म्हणाल्या नाहीत. मी ओटी पसरली, त्यांनी मशीन उघडण्यापासून जाग येईपर्यंत सगळं स्वप्न पुन्हा सांगितलं, मी हातावर नोट ठेवली आणि एक रेशमी रुमाल दिला. "दिलं," त्या म्हणाल्या. "घेतलं," मी म्हटलं. व्यवहार पुरा.

क्यूहो कामावरून आल्यावर त्याला सांगितलं. तो बराच वेळ जोडे काढत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे आता मूल आपल्याला होणार?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या दोघांच्या मध्ये एक लांब उशी असते.

असो. मावशी आहेत, इदाम रांगायचा प्रयत्न करते आणि उलटी मागे सरकते, वाकट्यांना दर चांगला आहे. सगळं बरं चाललंय.

यूरिम


बुसान, २२ मे

आई,

मागच्या पत्रात सगळं बरं चाललंय असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. तेव्हाही मला थोडं थोडं कळत होतं.

मावशी कुकरशी बोलत नाहीत. सूप दोनदा खारट झालं. इदामला पाठीवर घेऊन गुणगुणायच्या, ते बंद. परवा दुपारी मी लवकर आले तर त्या बाल्कनीत वाळत घातलेल्या दुपट्यात तोंड खुपसून उभ्या होत्या आणि इदाम पाठीवरून त्यांचे केस ओढत होती. मी विचारलं, काय झालं. काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. मग मी त्यांच्या पाठीवरून इदामला सोडवून घेतलं आणि म्हटलं, सांगितल्याशिवाय ही परत मिळणार नाही.

तेव्हा बोलल्या. ज्या सकाळी स्वप्न पडलं त्या सकाळीच ते ह्यांगरानला फोन करून सांगायचं होतं. पण दोनदा तिची आशा मोडली आहे, म्हणून आधी माझ्याकडे काही आहे का ते बघू, नसलं तर तिचंच, असं त्यांनी ठरवलं. माझ्याकडे नाही हे कळलं, तेव्हा रविवारच्या सुट्टीत तिला निवांत सांगणार होत्या. एक-दोन रविवार धीर झाला नाही, तेवढ्यात मी मागितलं.

"मग देऊ नका म्हणायचं होतं," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "नाही कशी म्हणणार? घर तुमचं, मशीन तुमचं. मी झोपले ती गादी तुमची. मला वाटलं, मासाही तुमचाच असेल."

आई, मला इतकी लाज वाटली की इदामला परत त्यांच्या पाठीवर द्यायलाही सुचेना. त्या बाईला मुलीसाठी जे एकमेव काही मिळालं होतं ते मी ओटीत घेऊन बसले होते. तेही मूल हवं म्हणून नाही. त्या बाईने घर सोडू नये म्हणून.

मी म्हटलं, परत घ्या. नोट राहू द्या, रुमाल राहू द्या, मासा परत घ्या. त्या म्हणतात, विकलेलं स्वप्न परत घेतलं की त्यातला जीव जातो, यान्जीला असंच मानतात. बाजारातल्या बर्फवाल्या आजीला विचारलं, ती म्हणते, उगवतीकडे तोंड करून परत देता येतं. क्यूहो म्हणतो, तुम्ही सगळ्या वेड्या झाला आहात. आता मला कुणाचंच खरं वाटत नाही.

या बाबतीत मी एकाच माणसाला मानते. तुम्ही माझ्याशी बोलू नका, चालेल. पण विकत घेतलेलं स्वप्न ज्याचं त्याला कसं द्यायचं, ते सांगा. क्यूहोला फोन करून सांगा, नाहीतर मांदेलीच्या पेटीवर लिहा. मावशी जातील हे मला माहीत आहे. जाऊ देत. घंटा गेली तर गेली, दुसऱ्याच्या लेकीच्या पोटातलं काढून घेऊन मला ती वाजवता येणार नाही.

यूरिम


बुसान, २ जून

आई,

तुमचा फोन आला तेव्हा मी बाजारातल्या खाणावळीत होते. बाजूला चारजण जेवत होते म्हणून मला तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. खरं तर तुम्ही बोलूच दिलं नाहीत. तुमचं पहिलं वाक्य होतं, "मासे पुरले नाहीत म्हणून आता लोकांची स्वप्नंही घ्यायला लागलीस?" ते "राँग नंबर" सोडलं तर पाच महिन्यांनी ऐकलेला तुमचा आवाज. मी सूप बाजूला सारलं आणि ऐकत राहिले.

त्यातलं एक वाक्य मी क्यूहोलाही सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "तू नाही म्हणतेस तेव्हा हॉलभर माणसांसमोर म्हणतेस. सगळ्यांना ते जमत नाही, एवढं तुला कळायला हवं होतं." मला वाटलं, आता तुम्ही त्या जेवणाचा हिशेब काढणार. पण तुम्ही तिथेच थांबलात. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. विकलेलं परत जात नाही, पण ज्याचं आहे त्याला आपल्या तोंडाने फुकट देता येतं, मध्ये कुणी नको. रविवारी मावशींकडून नंबर घेतला आणि यान्जीला व्हिडिओ फोन लावला. ह्यांगरान माझ्याच वयाची, जाड भिवयांची. आईच्या मालकिणीचा फोन म्हटल्यावर तिला वाटलं, आईला काही झालं. मी आधी ते निस्तरलं आणि मग म्हटलं, तुझी एक वस्तू माझ्याकडे आलीय, ती तुला देते. वॉशिंग मशीन, सोनेरी मासा, ॲप्रन, सगळं सांगितलं. लिलावाच्या आवाजात नाही. मावशी इदामला पाठीशी बांधून माझ्या मागे उभ्या होत्या.

ह्यांगरानने फोन डोळ्यांजवळ धरला. मग तिने विचारलं, "आईला हे कधी पडलं?" मी सांगितलं, एप्रिलच्या मध्यावर. तिने हाताने तोंड झाकलं. तिला तिसरा महिना आहे, आई. एप्रिलातच दिवस गेले होते. मागची दोन टिकली नव्हती, म्हणून या वेळी नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. आईला तर मुळीच नाही, कारण आई ऐकल्याबरोबर नोकरी सोडून पहिल्या विमानाने येईल आणि रोज उठून तिच्या पोटाकडे बघत बसेल.

मागे धप्प आवाज झाला. मावशी इदामसकट खाली बसल्या होत्या. मी वळून बघते तो त्या उठून माझ्या खांद्यावरून फोनमध्ये ओरडत होत्या, "पोटची पोरगी ना तू? मला शेजारणीसारखी वागवतेस? जेवलीस का? सकाळी काय खाल्लंस ते सांग आधी." इदामला वाटलं खेळ चाललाय, ती खदखदा हसत होती.

म्हणजे मी काय विकत घेतलं, कळलं ना? लिलाव उठलेला मासा. माल आधीच ह्यांगरानच्या घरी पोचला होता आणि मी रिकाम्या पेटीवर बोली लावली. नव्या व्यापाऱ्याने असं केलं तर बाजारात त्याला वर्षभर चिडवतात. मला इतकं हलकं वाटतंय की कुणीही चिडवा. मी कुणाचं काही घेतलंच नव्हतं. आणि उशीही काढली, हे सासूला लिहायचं नसतं, पण लिहिते.

मावशी डिसेंबरात जातील, बाळंतपण आटपून वसंतात परत येतील. मी म्हटलं, तिथेच राहावंसं वाटलं तर राहा. त्या म्हणाल्या, तिथे विहीणबाई आहेत, एका चुलीपाशी आम्हा दोघींची डोकी शाबूत राहायची नाहीत. आता त्या पुन्हा कुकरशी बोलतात. क्यूहो कानात कापूस घालून झोपतो.

फोन ठेवताना तुम्ही इदामला शी कशी होते ते विचारलंत. छान होते.

यूरिम


बुसान, ८ नोव्हेंबर

आई,

इदामच्या वाढदिवसाला तुम्ही आलात, दोन दिवस राहिलात आणि एका शब्दानेही टोमणा मारला नाहीत. तिसऱ्या दिवशी मला चुकल्यासारखं झालं.

आता विचारायचं ते विचारते. क्यूहो म्हणाला, मी विचारतो. मी म्हटलं, नको, हॉलभर माणसांसमोर मी बोलले होते, तेव्हा विचारेन मीच.

मावशी पाच डिसेंबरला जाताहेत. त्यांच्या जागी दुसरी बाई मिळतेय, एजन्सीने नावंही दिली आहेत. म्हणजे मी अडलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. पण ती नावं बघताना मला सारखं वाटत होतं की इदामने हिवाळा परक्या पाठीवर का काढावा? आणि मागे मी अडले तेव्हा फोन तुमचाच आला होता.

तुम्ही या. वसंतापर्यंत राहा. इदामला नाम्हेला न्यायचं नाही, हे माझं बदललेलं नाही आणि बदलणार नाही. तिला मध देऊ नका. ती पडली तर जमिनीला मारू नका, तिला कळतं. बाजाराला नावं ठेवू नका, निदान मी जेवत असताना. रविवारी मी घरी असते, तेव्हा तुम्ही देवळात जा, मैत्रिणींकडे जा, वाटलं तर दिवसभर झोपा.

हे सगळं मान्य असेल तर या. मान्य नसलं तरी या, आपण भांडू.

यूरिम


६ डिसेंबर, पहाट

आई,

काल बसस्टँडवर तुम्ही आणि मावशी एकमेकींना वाकून नमस्कार करत राहिलात आणि तुमच्या दोन पिशव्यांवर लोक अडखळत होते, ते आठवून मला अजून हसू येतंय. रात्री त्या ह्यांगरानकडे पोचल्या, तिचा फोन आला होता. तुम्ही झोपला होतात म्हणून उठवलं नाही. आताही तुम्ही आणि इदाम, दोघी झोपल्या आहात, म्हणून हे जेवणाच्या टेबलावर ठेवून जाते.

इदाम उजाडल्यावर उठते. उठल्या उठल्या दूध मागते, पण आधी पाणी द्या. पेज फ्रिजमधल्या निळ्या डब्यात आहे, ऊन करताना ढवळत राहा, तळाला लागते. दहाच्या सुमाराला झोप येते, पण कबूल करत नाही, कान ओढते. पाठीशी बांधलंत तर लगेच झोपेल, मात्र तुमचे गुडघे दुखत असतील तर बांधू नका, मांडीवर घ्या. डावा मोजा ती काढून टाकते, पुन्हा घातला की पुन्हा काढते. बाल्कनीचं दार ओढून ठेवा. शेजारच्या बाई डोकावतील, त्यांना चौकशा फार. माझा नंबर फ्रिजवर लावलाय, लिलाव चालू असताना मला ऐकू येणार नाही, म्हणून माएंगसाहेबांचाही…

आई, हे आता वाचून बघितलं. तुम्ही क्यूहोला वाढवलंत, त्याच्याआधी आणखी दोघांना. वरचं सगळं राहू द्या. मध सोडून. बाकी तुम्हाला वाटेल तसं करा, मी फोन करून विचारणार नाही.

बांगडा भरपूर आलाय म्हणतात, यायला उशीर होईल. जेवायला थांबू नका.

यूरिम